कापडावरची मराठी अक्षरं

(मंडळाच्या श्रावणातल्या मासिक सभेत हस्तकला गटातर्फे झालेलं भाषण. बोलताना दाखवलेली प्रात्यक्षिकं अर्थातच इथे छापता येत नाहीत.)



गेल्या वर्षी आपल्या मुलांच्या लेझीम पथकाच्या कुर्त्यांवर पाठीमागे प्रत्येकाचं नाव होतं, छातीवर ‘मोरया’ होतं. विसर्जन होईपर्यंत आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं, की हे कुठून छापून आणलं? मंगळबाजारातून का? छापून कुठूनच आणलं नव्हतं. ते घरी कापलं होतं आणि घरच्या इस्त्रीने चिकटवलं होतं. अध्यक्ष म्हणाले, दर वेळी एकेकाला जिन्यात गाठून सांगण्यापेक्षा एकदाच सभेत सांगा. म्हणून आज आम्ही उभे आहोत. आम्ही म्हणजे चौघं. दोघे नोकरदार, एक निवृत्त शिवणशिक्षिका आणि कॉम्प्युटरचं सगळं कळणारी एक कॉलेजातली मुलगी. वाचतो आहे एकजण, बोलणं चौघांचं आहे.

हे यंत्र दिसायला टेबलावरच्या प्रिंटरसारखं असतं. फरक एवढाच, की शाईच्या जागी त्यात एक बारीक पातं असतं. क्रिकट, सिल्हुएट अशा नावांनी ती मिळतात आणि साधारण बारा इंच रुंदीपर्यंत कापतात. कॉम्प्युटरवर काढलेल्या आकाराच्या कडेकडेने पातं फिरतं. कागद, स्टिकर, पातळ पुठ्ठा असं काहीही कापता येतं. पण आपला विषय आहे इस्त्रीने कापडाला चिकटणारी फिल्म. बाजारात तिला हीट ट्रान्सफर व्हिनाइल किंवा नुसतं एचटीव्ही म्हणतात. हिचे दोन थर असतात. एका बाजूला रंगीत फिल्म, जिच्या पाठीवर उष्णतेने वितळणारा गोंद असतो, आणि दुसऱ्या बाजूला तिला धरून ठेवणारं पारदर्शक चकचकीत प्लास्टिक.

कापताना चकचकीत बाजू खाली, चिकट मॅटवर ठेवायची. पातं रंगीत फिल्म कापतं, खालचं प्लास्टिक कापत नाही. तेवढाच दाब हवा. म्हणून दर वेळी कोपऱ्यात एक छोटा त्रिकोण कापून बघायचा. तो टोकाने उचलला गेला आणि खालच्या प्लास्टिकवर नुसता ओरखडा राहिला, की दाब बरोबर. हा त्रिकोण कापायला अर्धं मिनिट लागतं आणि तेवढ्यात अख्ख्या पत्र्याची फिल्म वाचते.

आणखी एक. आपण गोंदाच्या बाजूने कापतो, म्हणून अक्षर आरशात दिसतं तसं उलटं कापावं लागतं. यंत्राच्या पडद्यावर त्यासाठी एक खूण असते, ती दाबायची. मग कापून झालेल्या फिल्ममधला नको असलेला भाग आकडीसारख्या टोकदार हत्याराने उचलून काढायचा. इंग्रजीत या कामाला शेतातल्या तणावरूनच नाव पडलं आहे. आमच्या शिक्षिकाबाई सरळ ‘निंदणी’ म्हणतात, आणि आता गटातली सगळी मुलंही तेच म्हणतात.

इथपर्यंतचं जगात कुठेही सारखंच आहे. आता आपलं, म्हणजे आपल्या लिपीचं काय ते सांगतो. खरं तर आजचं भाषण त्यासाठीच आहे.

रोमन अक्षरं कापली की सुटी सुटी पडतात. पाच अक्षरं म्हणजे पाच तुकडे. आपला शब्द शिरोरेषेखाली टांगलेला असतो, म्हणून तो अख्खा एक तुकडा व्हायला हवा. पण कॉम्प्युटरला हे ठाऊक नसतं. त्याच्या दृष्टीने प्रत्येक अक्षराला स्वतःचा शिरोरेषेचा तुकडा आहे आणि शेजारच्या तुकड्यावर तो जरासा चढलेला आहे. पडद्यावर रेघ अखंड दिसते. यंत्र मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं, आणि जिथे एकमेकांवर चढलेले भाग आहेत तिथे रेघेला आरपार छेद देतं. हातात येतात त्या शिरोरेषेच्या गाठोळ्या. उपाय सोपा आहे. इंकस्केप नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात शब्द लिहायचा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून त्याचं चित्र करायचं, मग ‘युनियन’ करून सगळी अक्षरं एकात एक मिसळायची, आणि एसव्हीजी म्हणून साठवायचं. ही फाइल यंत्राला दिली की शब्द एकसंध कापला जातो.

शब्द थेट यंत्राच्या पडद्यावर लिहू नये, याला दुसरंही कारण आहे. अशा पुष्कळ सॉफ्टवेअरना आपली जोडाक्षरं नीट बांधता येत नाहीत. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, ‘श्री’चे पाय मोडतात, ‘प्पा’मध्ये मधला हलन्त उघडा पडतो. गुजराती लिहिलं तरी हीच गत. म्हणून शब्द बाहेर बांधावा आणि यंत्राला तयार चित्र द्यावं.

आता अपवाद. ‘भ’, ‘ध’ आणि ‘थ’ या अक्षरांच्या डोक्यावर रेघ पूर्ण नसते, डावीकडे ती तुटते. त्यामुळे ‘अभय’ हा शब्द युनियन करूनही ‘अ’ आणि ‘भय’ असा दोन तुकड्यांतच येतो. हे बरोबर आहे, तसंच ठेवायचं. कुणाला वाटतं की रेघ तुटली, आणि तो वरून एक सरळ पट्टी जोडून देतो. पट्टी जोडली की ‘भ’चा ‘म’ होतो आणि ‘ध’चा ‘घ’. धनश्रीची घनश्री होते. दोन तुकडे झाले तरी पारदर्शक प्लास्टिकने ते जागच्या जागी धरलेले असतात, हलत नाहीत.

निंदणी करताना सगळ्यात सांभाळायचं अक्षर कोणतं, तर ‘ब’. त्याच्या पोटातली तिरकी रेघ बारीक असते आणि तिच्या दोन्ही बाजूंचे छोटे तुकडे उचलायचे असतात. आकडी जरा खोल गेली की रेघही उचलली जाते. मग बाप्पाचा ‘वाप्पा’ होतो. तसंच ‘ष’चं. पोटातली रेघ गेली की ‘हर्ष’चा ‘हर्प’. म्हणून नियम असा, की पोटातले तुकडे आधी काढायचे, बाहेरची मोकळी फिल्म शेवटी. बाहेरची फिल्म असते तोवर अक्षर घट्ट बसलेलं असतं.

अनुस्वार हा तर स्वतंत्र विषय आहे. शब्दातला तो एकटाच सुटा ठिपका, आणि आकाराने सगळ्यांत लहान. दोन-चार धुण्यांत पहिला निघतो तो तोच. ‘मंडळ’चं ‘मडळ’ आणि ‘मंगलमूर्ती’चं ‘मगलमूर्ती’ व्हायला वेळ लागत नाही. आम्ही अनुस्वार थोडा मोठा करतो आणि खाली सरकवून शिरोरेषेला टेकवतो, मग युनियन करतो. सुलेखन जाणणाऱ्यांना ते खटकेल, पण फळ्यावरचं अक्षर आणि धुवायच्या कपड्यावरचं अक्षर यांचे नियम सारखे नसतात. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ आम्ही कुठेही ठेवत नाही, तेही याच कारणाने.

अक्षराचं वळण कोणतं घ्यायचं? मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘बलू’, ‘मुक्त’ आणि ‘मोदक’ हे फाँट मोफत मिळतात. ‘बलू’ या कामाला उत्तम. गोल कडा, जाड रेघ. गोल कोपरा सहसा उचलला जात नाही, टोकदार उचलला जातो. ‘मोदक’ नावाला साजेसा गुबगुबीत आहे, पण त्याच्या अक्षरांच्या पोटातली फट केसासारखी बारीक आहे, ती निंदायला डोळे फुटतात. वीतभर मोठं अक्षर असेल तरच तो घ्यावा.

‘ल’ आणि ‘श’कडे मात्र लक्ष द्या. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ वेगळे असतात, ‘श’चंही तेच. पुष्कळ फाँट मुळात हिंदी वळण दाखवतात. काहींत भाषा ‘मराठी’ निवडली की वळण बदलतं, काहींत बदलतच नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यात ही आपली वळणं प्रमाण धरली आहेत. आमच्यातले जे गुजरात सरकारचे नोकर आहेत त्यांना तो निर्णय अर्थातच लागू होत नाही, पण आजीने पाटीवर काढून दिलेला ‘ल’ तोच होता, आणि लेझीमच्या पाठीवर तोच हवा असं आम्हा चौघांचं मत पडलं.

ही सगळी उठाठेव कशासाठी, असं पुढच्या रांगेतल्या काकांच्या चेहऱ्यावर दिसतं आहे. सांगतो. आपल्या पथकातली बहुतेक मुलं इंग्रजी नाहीतर गुजराती माध्यमात शिकतात. मराठी बोलतात, आणि छान बोलतात. वाचायचं म्हटलं की अडतात, आणि लिहायचं म्हटलं की कागद आईकडे सरकवतात. आम्ही अट एकच ठेवली. ज्याला पाठीवर नाव हवं त्याने ते स्वतः कागदावर लिहून आणायचं. आईने लिहिलेलं चालणार नाही.

कागद आले ते बघण्यासारखे होते. निम्म्याहून अधिक मुलांनी शिरोरेषा दिलीच नव्हती. ते साहजिक आहे, गुजराती लिपीला शिरोरेषा नाही, आणि हात तिथेच वळलेला. आम्ही कुणाला चुकलं म्हटलं नाही. दोन मुलांची नावं त्यांनी लिहिली होती तशीच, रेघेविना कापली, आणि दोन रेघेसकट. निंदणी झाल्यावर कापलेली अक्षरं मुलांना चिमट्याने उचलून बघायला दिली. रेघेविना नावाचं एकेक अक्षर सुटं आलं, एक हरवलं, एक वाकडं बसलं. रेघ असलेलं नाव एका टोकाला धरलं तर तोरणासारखं अख्खं वर आलं. त्यानंतर रेघ द्या म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही. एका मुलीने तर आपल्या नावातल्या ‘ध’वर रेघ का तुटते, ती तोडायची कुठे, हे आपल्या आजीला विचारून दुसऱ्या शनिवारी आम्हाला सांगितलं.

दुसरी गंमत उलट्या अक्षरांची. निंदणी उलट्या बाजूने चालते, म्हणून तासभर मुलं आरशातलं मराठी बघत असतात. ‘प’ कोणता नि ‘ष’ कोणता हे ओळखायला त्यांना अक्षराचा प्रत्येक अवयव बघावा लागतो, नुसता अंदाज चालत नाही. पोटातली रेघ काढायची की ठेवायची, हे दर अक्षराला ठरवावं लागतं. उजळणीच्या वहीत हे होत नाही, असं आमच्या शिक्षिकाबाईंचं म्हणणं, आणि त्यांनी हयातभर मुलींना शिकवलं आहे. सयाजीराव महाराजांनी याच शहरात १८९० साली कलाभवन काढलं ते हाताला कसब यावं म्हणून. आपलं काम त्या मानाने अगदीच लहान आहे, पण हात चालला की डोकं मागोमाग जातं हे आम्हीही पाहिलं.

आता इस्त्री. इथे घाई करणाऱ्याचं काम बिघडतं.

नवं सुती कापड आधी धुऊन घ्या, कारण ते आटतं आणि त्यावर खळ असते. खळीवर गोंद धरत नाही. कापड मऊ करणारं द्रावण घालू नका. भाद्रपदात हवेत दमटपणा असतो, म्हणून फिल्म ठेवण्याआधी कापडावर पाच सेकंद कोरडी इस्त्री फिरवून दमटपणा घालवा. इस्त्रीतलं पाणी काढून टाका, वाफ अजिबात नको. वाफेची भोकं असलेल्या इस्त्रीखाली भोकांच्या जागी उष्णता कमी पडते. त्यापेक्षा घरात जुनी, जड, सपाट बुडाची इस्त्री असेल तर ती माळ्यावरून काढा.

साधारण फिल्मला दीडशे ते एकशे साठ अंश सेल्सियस उष्णता दहा-पंधरा सेकंद लागते. नेमका आकडा गुंडाळीवर छापलेला असतो, तोच खरा धरा. इस्त्रीवर दोन ठिपके म्हणजे दीडशे अंश, तीन ठिपके म्हणजे दोनशे. ठिपके नसतील तर ‘कॉटन’च्या खुणेच्या जरा अलीकडे ठेवा. काम लाकडी टेबलावर करा. गादीवर किंवा इस्त्रीच्या मऊ फळीवर दाब कापडात मुरतो आणि फिल्मपर्यंत पोचत नाही. वर बटर पेपर ठेवा. आणि इस्त्री फिरवू नका. ठेवा, अंगाचा भार द्या, पंधरा मोजा, उचला, पुढे ठेवा. फिरवली की अक्षर सरकतं.

पारदर्शक प्लास्टिक काही जातींत गरम असताना काढायचं असतं, काहींत गार झाल्यावर. तेही गुंडाळीवर लिहिलेलं असतं. काढताना अक्षर वर येऊ लागलं तर ओढू नका, परत टेकवून आणखी दहा सेकंद दाब द्या. शेवटी कुर्ता उलटा करून आतून एकदा दाबा, म्हणजे गोंद धाग्यांत शिरतो. एक दिवस कपडा पाण्यात घालू नका. पुढे धुताना उलटा करून, साध्या पाण्यात. धुणं करायला मावशी येत असतील तर त्यांना आवर्जून सांगा, की यावर ब्रश मारायचा नाही आणि ब्लीच घालायचं नाही. आमच्या अनुभवाने फिल्मचा सर्वांत मोठा शत्रू यंत्र नव्हे, मोरीतला ब्रश आहे.

दोन रंग एकावर एक हवे असतील तर खालचा रंग नुसता दोन-तीन सेकंद दाबा, पूर्ण दाब शेवटच्या रंगाला द्या. नाहीतर खालची फिल्म आकसते आणि वरचं अक्षर जुळत नाही. चमकीची फिल्म कायम सगळ्यांत वर. तिच्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही.

कापड कोणतं? सुती सगळ्यांत चांगलं. पॉलिएस्टरची खेळाची जर्सी फसवी असते. लाल जर्सीवर पांढरं अक्षर दाबलं तर उष्णतेने कापडाचा रंग वर चढतो आणि अक्षर काही दिवसांत गुलाबी दिसू लागतं. त्यासाठी कमी उष्णतेत चिकटणारी फिल्म वेगळी मिळते. नायलॉनच्या वाटेला जाऊ नका. प्रसादासाठी बाजारात ज्या कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या मिळतात, त्या कापडाच्या नसून बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, आणि ते एकशे साठ अंशांच्या आसपास वितळतं. इस्त्री टेकवली की पिशवी इस्त्रीलाच. मांजरपाटाच्या पिशव्या शिवून घ्या. पैठणी आणि जरीचं काही कृपया आणूच नका. नवरात्रात चणिया-चोळीवर हे करू का, असं मागच्या खेपेला मुलींनी विचारलं होतं. सुती घेरावर जरूर करा, पण आभल्यांपासून दूर. हल्लीचे आरसे प्लास्टिकचे असतात, उष्णतेने वाकडे होतात.

हे सगळ्याला लागू पडतं, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. शंभर कुर्त्यांवर एकच ‘मोरया’ हवं असेल तर स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जा, ते स्वस्त पडतं आणि जास्त टिकतं. मूर्तीचा रंगीत फोटो छापायचा असेल तर आता डीटीएफ नावाची छपाई बऱ्याच ठिकाणी होते, तिकडे जा. आपलं यंत्र कामाचं कुठे, तर जिथे कपडे थोडे आहेत आणि प्रत्येकावर वेगळं आहे. नावं, वर्गाचे क्रमांक, एखाद्या आजोबांच्या पंचाहत्तरीचा एकच सदरा. आणि घरोघरी यंत्र घेण्याच्या भरीस पडू नका. चांगल्या मोबाइलइतके पैसे जातात आणि दोन वाढदिवसांनंतर ते कपाटावर चढतं. मंडळात एक आहे तेवढं पुरे. ज्यांना यायला जमत नाही त्यांनी फिल्म आणून धारदार कटरने हाताने कापावी. मोठं अक्षर असेल तर तेही सुरेख होतं, आमची पहिली चार अक्षरं तशीच कापलेली आहेत.

उरलेल्या फिल्मच्या काड्या आणि पारदर्शक प्लास्टिक निर्माल्याच्या टोपलीत जाणार नाही, याची काळजी मुलांनी घ्यायची आहे. वेगळा डबा ठेवला आहे, त्यावर नाव मुलांनीच कापून लावलं आहे. ‘कचरा’. वाचून बघा, ‘च’ जरा तिरका बसला आहे, पण राहू दिला आहे.

या वर्षीचं काम पुढच्या शनिवारपासून, दुपारी चार ते सात, मंडळाच्या मागच्या खोलीत. कुर्ता सुती आणि धुतलेला असावा, खळ नको. सोबत कोऱ्या कागदावर नाव, मुलाने किंवा मुलीने स्वतः लिहिलेलं. मोठ्यांचीही नावं कापून देऊ, अट तीच. ज्यांच्याकडे जुनी जड इस्त्री पडून असेल त्यांनी दहा दिवसांसाठी मंडळाला द्यावी, वायर तपासून घेण्याचं आमच्याकडे लागलं. एका वेळी सहा मुलांपेक्षा जास्त बसवता येत नाहीत, म्हणून बाहेरच्या फळ्यावर आपली वेळ लिहून ठेवा.